एक खासगी हत्ती

हत्ती करणं सोपं असतं असं मला का वाटलं, याचा खुलासा मी आजवर तीन ठिकाणी दिलेला आहे. एकदा घरी, एकदा प्रदर्शनाच्या नोंदणीच्या टेबलावर आणि एकदा माझ्या वरिष्ठांकडे, लेखी, दोन प्रतींत. हा चौथा. खरा हत्ती पाळणाऱ्यालाही एवढे खुलासे द्यावे लागत नसतील.

मी वजनमापे निरीक्षक आहे. बाजारातले काटे, वजनं, लिटरची मापं, कापड मोजायचे गज तपासायचे, बरोबर असतील तर त्यांच्यावर शिक्का मारायचा आणि नसतील तर जप्त करायचे, हे माझं अठ्ठावीस वर्षांचं काम. मी बाजारातून चाललो की दुकानदार एका हाताने नमस्कार करतात आणि दुसऱ्या हाताने काहीतरी गल्ल्याखाली सारतात. आदर म्हणतात तो हाच, अशी माझी समजूत आहे.

घरी मात्र हा आदर उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी थांबतो. बायको टॅटिंग शिकवते. टॅटिंग म्हणजे नुसत्या दोऱ्याच्या गाठींची नक्षी. एक लांब बोथट सुई घ्यायची, तिच्यावर दोऱ्याचे वळसे चढवायचे, मग सुई ओढून ते सगळे वळसे मागच्या दोऱ्यावर उतरवायचे आणि दोरा ताणायचा, की त्यांचं एक गोल कडं होतं. अशी कडी एकमेकांना जोडत जायचं. आमच्याकडे उशांच्या अभ्र्यांना, टेबलावरच्या रुमालांना, एवढंच काय माझ्या चष्म्याच्या पिशवीलाही ही कडी आहेत. पंचवीस वर्षं मी त्यांच्यात राहतोय, आणि खरं सांगायचं तर त्यातलं एकही कडं मी कधी धड पाहिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बायको हस्तकला मंडळाच्या सभेहून आली आणि चपला न काढताच सोफ्यावर बसली. आमच्या घरात हा अपराध आहे, आणि कायदा तिनेच केलेला आहे. म्हणून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"आमचं टेबल गेलं," ती म्हणाली.

मंडळाचं दरवर्षी प्रदर्शन भरतं. विणकामाला एक टेबल, भरतकामाला एक, क्रोशाला एक, टॅटिंगला एक. नियम असा की एका प्रकारात किमान पाच जणांच्या वस्तू हव्यात, तरच त्याला वेगळं टेबल. टॅटिंगमध्ये बायको आणि तिच्या चार विद्यार्थिनी, असे बरोबर पाच. पण चौथीच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती गाव सोडून गेली. उरले चार. त्यामुळे यंदा टॅटिंगच्या वस्तू क्रोशाच्या टेबलावर एका कोपऱ्यात ठेवायच्या आणि वर पाटी लावायची 'क्रोशा व इतर', असं सभेत ठरलं होतं.

"इतर, हो!" बायको म्हणाली. "एवढी वर्षं मान मोडून शिकवलं आणि मी इतर?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अशा वेळी शहाण्या नवऱ्याने काही न बोलता चहा टाकावा. मी तोंड उघडलं.

"त्यात काय एवढं? गाठीच मारायच्या ना? पाचवी वस्तू मी करतो."

मुलगी कॉलेजचा अभ्यास करत बसली होती. तिने कानातली इअरफोनची एक गुंडी काढली. बायकोने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही?" ती म्हणाली.

एवढंच. एक शब्द. पण तो ज्या सुरात आला त्यानंतर माघार घेणं माझ्या रक्तात नाही.

यंदाच्या प्रदर्शनाचा विषय होता 'छोटा प्राणी'. बायकोचं म्हणणं, मी मासा करावा. "दोन कडी आणि एक शेपूट. चार दिवसांत होईल. टेबलाला वस्तू हवी, ती कशी का असेना." या 'कशी का असेना'ने मला फार लागलं. मासा करून टेबल वाचवणारा माणूस म्हणून मला ओळखलं जायचं नव्हतं. मी हत्ती निवडला. हत्तीकडे मी माझ्या पद्धतीने पाहिलं. हत्ती म्हणजे एक टाकी, चार खांब आणि एक नळी. मी पेट्रोल पंप तपासतो, दुधाचे टँकर तपासतो. टाकी आणि नळी हा माझ्या रोजच्या हाताखालचा विषय आहे.

मी पांढऱ्या कागदावर हत्तीचा नकाशा काढला. बाजूने, वरून आणि समोरून. नाकापासून शेपटीपर्यंत अकरा सेंटिमीटर. बायकोच्या पुस्तकातून कुठल्या भागाला किती कडी आणि कड्याला किती टाके हे उतरवून घेतलं आणि जाहीर केलं, "आता हत्ती पूर्ण होईपर्यंत माझ्या कामात कोणी डोकवायचं नाही." नियमाप्रमाणेही वस्तू स्पर्धकाने एकट्यानेच करायची होती, त्यामुळे बायकोने मला सुई कशी धरायची आणि वळसे कसे घ्यायचे एवढं दाखवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. 'कोणी डोकवायचं नाही' या वाक्याची किंमत मी पुढे मोजली, ते येईलच.

नोंदणीचा अर्ज भरताना पहिली ठेच लागली. अर्जावर छापलेलं होतं: 'सौ./कु./श्रीमती, नको ते खोडावे.' मी तिन्ही खोडली. मंडळाच्या कार्यालयातून अर्ज परत आला, 'किमान एक ठेवावे' असा शेरा मारून. मी पत्र लिहिलं की मी पुरुष आहे. उत्तर आलं की नियमात तसं कुठे मना केलेलं नाही, तरी आपण पुरुष असल्यास हरकत नाही, फक्त रकाना भरावा. शेवटी जी पोच मिळाली तीवर माझ्या नावामागे 'सौ.' होतं. ती मी घरी दाखवली नाही. मुलीला सापडली.

त्याच अर्जात 'वस्तूचे वर्णन' असा रकाना होता. दुसरा कोणी नुसतं 'हत्ती' लिहून मोकळा झाला असता. पण अर्धवट वर्णनाला माझा जन्मभर विरोध. मी लिहिलं: 'हत्ती, उभा, चारही पाय समान उंचीचे.'

रोज सकाळी लवकर उठून, ऑफिसची वेळ होईपर्यंत, मी खिडकीशी बसायचो. सोंडेचं पहिलं कडं तीन दिवस बंदच होईना. सगळे वळसे सुईवरून उतरायचे, एक मात्र अडायचा. मी ओढलं. आणखी ओढलं. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी दाराशी आल्या होत्या. क्रोशाच्या टेबलाच्या प्रमुख त्याच.

"भाऊजी, कशाला जिवाला त्रास करून घेताय?" त्या मायेने म्हणाल्या. "क्रोशा करा. चुकलं की एक टोक ओढायचं, सगळं उसवतं. टॅटिंगचं चुकलं की चुकलं. मी 'क्रोशा व इतर'ची पाटीसुद्धा रंगवायला टाकलीय, चांगली मोठी."

शत्रूच्या गोटातून आलेला सल्ला मी हसून परत केला आणि तडक खाली दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. आमच्या इमारतीत खाली त्यांचा दवाखाना आहे आणि बारीक जागेतलं अडकलेलं काढणं हा त्यांचा धंदाच आहे. त्यांनी कडं खुर्चीच्या डोक्याशी ठेवलं, वरचा दिवा ओढला, भिंग लावलं आणि आकडीने टोचून पाहिलं.

"कधीपासून त्रास आहे?" सवयीने ते म्हणाले.

"तीन दिवस."

"हं. तुमची सुई दोऱ्याच्या पोटातून गेलीय. वळशाच्या खालून जायच्याऐवजी दोराच चिरून आरपार. तो कसा सरकेल?" बाहेर गाल सुजलेले दोन रुग्ण कण्हत बसले होते. डॉक्टर दहा मिनिटं तो एक दोरा सोडवत होते. मग ते अभिमानाने म्हणाले, "सुटला! मुळाशी धक्का लागलेला नाही." दार उघडून मी ते राखाडी कडं हातात धरून बाहेर आलो तेव्हा त्यातल्या एका रुग्णाने ते पाहिलं आणि तो उठून घरी गेला.

त्यानंतर मात्र हात बसला. मी सोंड केली, डोकं केलं, सुपाएवढे नसले तरी कान केले, पुढचे दोन पाय केले. कडं आवळून गाठ पडली की मला जो आनंद व्हायचा तो बढतीच्या वेळीही झाला नव्हता. सुई सुळकन निघायची, दोरा ताणला जायचा आणि इतका वेळ नुसती ओळ असलेल्या वळशांचा गोल व्हायचा. बायकोने मंगळवार-शुक्रवार घरात बायका जमवून हेच केलं होतं, आणि मी पलीकडच्या खोलीतून त्यांना दार लावून घ्यायला सांगत आलो होतो. मला त्या दिवसांत त्याची लाज वाटली. बोललो नाही, पण वाटली.

एकच गोष्ट खटकत होती. नकाशाप्रमाणे डोकं तीन सेंटिमीटरचं व्हायला हवं होतं, ते दीड सेंटिमीटरचं झालं होतं. पायही तसेच, बरोबर निम्मे. कामाच्या शिस्तीप्रमाणे मी आधी मापाचा संशय घेतला. मुलीची प्लॅस्टिकची पट्टी ऑफिसात नेऊन प्रमाण मीटरशी लावून पाहिली. ती अर्धा मिलिमीटर कमी भरली. मी ती तिथल्या तिथे जप्त केली. मुलीने माझ्याशी अबोला धरला. पण अर्ध्या मिलिमीटरने हत्ती निम्मा होत नाही, म्हणून मी नंतर दोऱ्याचा संशय घेतला आणि तो आवळल्यावर आकसत असणार असं वहीत नोंदवून पुढे चालू लागलो. स्वतःचा संशय घ्यायचं मला सुचलं नाही. अठ्ठावीस वर्षांत ती वेळच आली नव्हती.

प्रदर्शनाला नऊ दिवस होते. मी पोटाचं पहिलं कडं सुईवर चढवत होतो आणि मोठ्याने मोजत होतो. स्वयंपाकघरातली भांडी एकदम थांबली. बायको पळीसकट बाहेर आली.

"थांबा. तुम्ही 'एक' म्हणालात तेव्हा काय केलंत?"

"दोरा पुढून घेतला."

"आणि 'दोन' म्हणालात तेव्हा?"

"मागून घेतला."

ती हळूच खुर्चीवर बसली. "अहो, पुढून एक आणि मागून एक, असे दोन वळसे मिळून एक टाका होतो. तुम्ही अर्ध्या टाक्याला टाका म्हणताय. सगळा हत्ती असाच केलात?"

मी वहीकडे पाहिलं, मग हत्तीच्या डोक्याकडे. आयुष्यभर लोकांनी निम्मं दिलेलं मी पूर्ण करून घेतलं, आणि इथे मीच माझ्या हत्तीला निम्म्या मापाने टाके मोजून दिले होते. माझे कान तापले. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही.

"आता डोकं पुन्हा करायला वेळ नाही," ती म्हणाली. "आणि हे उसवतही नाही. एक काम करा, पुढचंही असंच अर्ध्याने करा. लहानसा हत्ती होईल, पण सारखा होईल. कोणाला कळणारसुद्धा नाही."

सल्ला अगदी रास्त होता. दुसरा कोणी असता तर त्याने ऐकला असता. पण आमच्या खात्याचा एक भेद आहे. दुकानदाराने अजाणता कमी मापलं तर नोटीस, आणि जाणूनबुजून कमी मापलं तर खटला. आत्तापर्यंतची ती माझी चूक होती. कळल्यानंतर त्याच मापाने पुढे जाणं हा गुन्हा झाला असता.

"इथून पुढे टाका पूर्ण," मी म्हणालो.

"अहो, पण मग मागचा भाग दुप्पट होईल!"

"होऊ दे."

ती पळी घेऊन आत गेली. आतून म्हणाली, "पोटात कापूस जरा दाबून भरा, नाहीतर बसेल." सल्ला न मागता दिला होता आणि मी तो निमूटपणे घेतला.

आठव्या दिवशी हत्ती पूर्ण झाला. पुढे लहानसं डोकं, लहान कान, तोकडे पाय. मागे ऐसपैस पोट आणि उंच, भक्कम, कायदेशीर मापाचे दोन पाय. सोंड निम्मी आणि शेपूट पूर्ण, त्यामुळे दोन्ही नेमक्या एकाच लांबीच्या झाल्या होत्या आणि कुठून सुरुवात करायची हे बघणाऱ्याला पटकन कळत नव्हतं. टेबलावर ठेवला की त्याचं नाक टेबलाला टेकायचं आणि मागची बाजू वर जायची.

मुलीने अबोला सोडला. "बाबा, पाणी पितोय का तो?"

"उभा आहे," मी म्हणालो.

पण तिच्या बोलण्यात एक वाट होती, हे मलाही कळत होतं. नोंदणीच्या दिवशी ती वाटभर माझ्या कानाशी लागली होती. "'पाणी पिणारा हत्ती' म्हणा बाबा. मुद्दाम तसा केलाय म्हणा. कलेत सगळं चालतं."

मंडळाच्या सभागृहात लांब टेबलामागे नोंदणी चालू होती. मागच्या भिंतीला सगळ्या पाट्या टेकून ठेवल्या होत्या. 'टॅटिंग' ही जुनी पाटी होती आणि तिच्याशेजारी वहिनींची नवी, 'क्रोशा व इतर', रंग अजून ओला. आज पाच वस्तू भरल्या की पहिली पाटी लागणार, चारच भरल्या की दुसरी. बायको आपल्या तीन विद्यार्थिनींना घेऊन आधीच उभी होती. तिघींच्या वस्तू घेतल्या गेल्या, बायकोचं हरीण घेतलं गेलं. मी पुढे झालो आणि टेबलामागच्या माणसाने मान वर केली.

बाजारपेठेतले कापडवाले होते ते, यंदा मंडळाच्या नोंदणीला बसलेले. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानातला गज मी भर गिऱ्हाइकांत जप्त केला होता. तीन मिलिमीटर कमी.

"या, साहेब," कापडवाले म्हणाले. त्यांनी हत्ती तळहातावर घेतला आणि अर्ज वाचला, चांगला मोठ्याने. "'हत्ती, उभा, चारही पाय समान उंचीचे.'" मग त्यांनी खिशातून टेप काढली. पुढचा पाय मोजला. मागचा पाय मोजला. पुन्हा पुढचा मोजला, कारण त्यांना आनंद झाला होता. रांगेतले लोक जवळ सरकले.

"पुढचा दोन सेंटिमीटर, मागचा चार. नियम सात: वर्णन आणि वस्तू जुळत नसेल तर नोंद रद्द."

वहिनींनी आपली पाटी हातात घेतली. बायकोने पर्सचा बंद दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"बाबा, पाणी," मुलगी कुजबुजली.

मी घसा साफ केला. तोंडावर आलंच होतं. इतक्यात कापडवाले म्हणाले, "तसा नियम अकरा आहे. फरक का पडला ते स्पर्धकाने लेखी द्यायचं आणि तो कागद वस्तूशेजारी तीन दिवस लावायचा. मग नोंद घेता येते. पण साहेब, कारण खरं हवं हं. मी त्या वेळी सांगितलं होतं, लोखंड थंडीत आकसतं. तुम्ही काय म्हणाला होतात?"

मला आठवत होतं. मी म्हणालो होतो, "मापात कारण नसतं, फरक असतो." गिऱ्हाइकं हसली होती आणि मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

मी कार्ड ओढून घेतलं. लिहिलं: 'मोजण्यात माझी चूक झाली. अर्धा टाका पूर्ण धरला. चूक लक्षात आल्यावर पुढील टाके पूर्ण घातले आहेत.' खाली सही केली. आणि अठ्ठावीस वर्षांची सवय वाईट. सहीखाली हात आपोआप चालत राहिला आणि त्याने हुद्दा लिहिला: 'निरीक्षक, वजनमापे.'

कापडवाल्यांनी कार्ड वाचलं. या वेळी मनातल्या मनात. त्यांचा चेहरा मी जसा होईल म्हणून धरून चाललो होतो तसा झाला नाही. त्यांनी खोडरबर पुढे केलं. "साहेब, हुद्दा खोडलात तरी चालेल. नियमात नाही तो."

"राहू दे," मी म्हणालो. "जप्तीच्या पंचनाम्यावर लिहितो, मग इथेही हवा."

त्यांनी शिक्का मारला. माझ्या आयुष्यात मी हजारो शिक्के मारले आहेत. दुसऱ्याने माझ्या मालावर मारलेला हा पहिला. 'टॅटिंग'ची पाटी टेबलावर लागली आणि वहिनींच्या हाताला उगाचच ओला रंग लागला.

आता माझी समजूत अशी होती की तीन दिवस कोपऱ्यात बसलेल्या हत्तीकडे कोण बघतंय. पण पहिल्याच दुपारी बाजारपेठेत बातमी पोचली. किराणावाले आले, दूधवाले आले, भंगारवाले वजनकाट्यासकट आले. दुकानं आळीपाळीने बंद ठेवून लोक येत होते. प्रत्येक जण कार्ड वाचायचा, हत्तीकडे बघायचा, पुन्हा कार्ड वाचायचा. कित्येकांनी फोटो काढले. विणकामाच्या टेबलाशी शुकशुकाट आणि टॅटिंगशी ही गर्दी! मी खांबाआड उभा राहून हे बघत होतो आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब बोलताना टेबलावरचं वजन या बाजूचं त्या बाजूला ठेवतात. त्या दिवशी ते तीनदा गेलं आणि आलं. एका किराणावाल्याने आपल्या नोटिशीला हरकत घेतली होती. ज्या निरीक्षकाला स्वतःच्या हत्तीचे पाय मोजता येत नाहीत त्याने माझा काटा चुकीचा ठरवू नये, असं त्याचं म्हणणं, आणि अर्जाला कार्डाचा फोटो जोडलेला.

"खुलासा द्या," साहेब म्हणाले.

मी दिला. 'सदर चूक खासगी वेळेत, खासगी हत्तीवर झालेली असून तिचा सरकारी मापांशी संबंध नाही. चूक लक्षात येताच पुढील काम पूर्ण मापाने केले आहे. अर्जदाराने आपल्या काट्याबाबत असे केल्याचे आढळत नाही.' साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि खाली शेरा लिहिला: 'हत्ती हे प्रमाणित माप नसल्याने हरकत फेटाळली.' मग वजन जागेवर ठेवून म्हणाले, "प्रदर्शन किती वाजेपर्यंत आहे हो? मिसेस म्हणत होत्या, बघायचाय."

तिसऱ्या दिवशी मी खांबाआडून बाहेर आलो, कारण मला वेगळंच काही दिसायला लागलं होतं. लोक हसायला येत होते, हे खरं. पण हसून झालं की टेबलापाशी थांबत होते. "अर्धा टाका म्हणजे काय हो?" असं विचारत होते. आणि बायको दाखवत होती. सुई हातात, एक वळसा पुढून, "हा अर्धा," एक मागून, "हा झाला पूर्ण." भंगारवाल्याने जाड बोटांनी तीन टाके घातले आणि बायकोने त्याला शाबासकी दिली. ज्या टेबलाशी दरवर्षी लोक "छान आहे" म्हणून न थांबता पुढे जात, तिथे ती सकाळपासून खाली बसली नव्हती. गाल लाल झाले होते, आवाज बसला होता. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ही माझी बायको, असं ओळख नसलेल्या एकदोघांना मी सांगूनही टाकलं.

समारोपाला जरा आधी जाड चष्म्याच्या एक आजीबाई आल्या. त्यांनी कार्ड वाचलं नाही, बहुधा दिसलं नसावं. हत्ती उचलून डोळ्यांशी नेला आणि उलटासुलटा करून बराच वेळ प्रत्येक कडं पाहिलं. मी जवळच उभा होतो.

"गाठी घट्ट आहेत," त्या म्हणाल्या. "एक कडं सैल नाही. डोकं जरा गडबडलंय, पण हात चांगला आहे. कोणी केलाय हा?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आता ती 'आमच्या ह्यांनी' म्हणणार आणि आजीबाई हसणार, म्हणून मी आधीच थोडं हसून ठेवलं.

"माझ्या विद्यार्थ्याने," बायको म्हणाली.

"होय? हुशार दिसतोय. केवढा आहे मुलगा?"

"चोपन्न वर्षांचा आहे," बायको म्हणाली. "पण मन लावून करतो."

आजीबाईंनी मान डोलावली आणि हत्ती दोन्ही हातांनी, जपून, जागेवर ठेवला.